टोपीच्या पिस्तुलाची पारख

आजचा विषय ऐकतांच पुष्कळांना वाटेल कीं, लेखणीवर पोट भरणाऱ्या घरांत पिस्तुलाची चर्चा कशाला? शंका रास्त आहे. परंतु जुनें शस्त्र शिपायाच्याच घरीं असतें असें नाहीं. कोणाचे पणजोबा एखाद्या संस्थानांत कारभारी होते, कोणाचे आजोबा फौजदार होते, कोणाच्या मामांना जुन्या वस्तु जमविण्याची हौस होती. त्यांच्या मागें माळ्यावरची पेटी उघडावी आणि तींत कापडांत गुंडाळलेलें एक जड पिस्तूल निघावें, असे प्रसंग शहरी कुटुंबांतहि येतात. कधीं एखादा व्यापारी संग्रहाच्या हौशी माणसापुढें दोन-तीन जुनीं पिस्तुलें मांडून "यांतलें कोणतें घेतां?" असें विचारतो. अशा वेळीं निवड कशी करावी, हा आजचा प्रश्न आहे.

उत्तर थोडक्यांत आधींच सांगतों. पिस्तुलाची पारख त्याच्या चकाकीवरून करूं नये. नळीवरचीं अक्षरें व ठसे स्वच्छ वाचतां येतात कीं नाहीं, आणि नेम धरण्याची मूळची खूण जागच्या जागीं आहे कीं नाहीं, या दोन गोष्टी प्रथम पाहाव्या. जुन्या मोडी कागदाच्या शेवटीं मोर्तब असतें. तें खरवडलेलें असलें, तर मजकूर कितीहि सुवाच्य असो, संशोधक त्या कागदाकडे साशंक दृष्टीनें पाहतो. नळीवरचा ठसा हें पिस्तुलाचें मोर्तबच होय. तें गेलें कीं उरतें तें केवळ लोखंड.

आतां टोपीचें पिस्तूल म्हणजे काय तें पाहूं. मिरा-भाईंदरच्या एका अंगाला घोडबंदरचा किल्ला आहे आणि दुसऱ्या अंगाला, उत्तनच्या बाजूस, धारावीचा किल्ला आहे. १७३७ ते १७३९ या काळांत चाललेल्या वसईच्या मोहिमेंत हे दोन्ही किल्ले मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतले. त्या काळच्या बंदुका तोड्याच्या किंवा चकमकीच्या असत. तोड्याच्या बंदुकींत जळती वात रंजकेला, म्हणजे कानाशीं ठेवलेल्या चिमूटभर दारूला, लावावी लागे. चकमकीच्या बंदुकींत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडावी लागे. दोहोंतहि रंजक उघडी पडे. पावसाची एक सर आली कीं ती भिजे आणि बंदूक मुकी होई.

हा दोष रसायनशास्त्रानें दूर केला. १८०० सालीं एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें पाऱ्यापासून तयार होणाऱ्या एका स्फोटक क्षाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. असे क्षार आगीवांचून, नुसत्या आघातानें पेट घेतात. या गुणाचा उपयोग बंदुकीला करण्याची युक्ति अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटलंडमधील धर्मोपदेशकाला सुचली व १८०७ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. पुढें हें स्फोटक द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपींत भरण्याची रीत निघाली. ही टोपी एका पोकळ पोलादी टोंकावर बसवावयाची. या टोंकाला निपल म्हणतात. घोडा टोपीवर आपटला कीं ठिणगी निपलच्या छिद्रांतून थेट आंतल्या दारूपर्यंत पोंचते. पावसाची अडचण बहुतेक संपली. कोंकणांत पीकसंरक्षणासाठीं परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका आजहि आहेत. त्यांना लागणाऱ्या टोपीला तिकडचे शेतकरी 'केप' म्हणतात. पिस्तुलांतली टोपी हिचीच बहीण.

सहाबारी पिस्तुलांत अशीं सहा घरें एका फिरत्या चक्रींत असतात. प्रत्येक घरांत पुढच्या बाजूनें दारू घालावयाची, वर शिशाची गोळी ठेवावयाची, नळीखालच्या तरफेनें ती ठासावयाची, आणि मागच्या निपलवर टोपी चढवावयाची. भरण्यास वेळ लागे. पण एकदां भरलें कीं सहा बार हातचे. ज्या काळीं साधें पिस्तूल एक बार होतांच हातांतल्या सोट्यापेक्षां अधिक उपयोगाचें राहत नसे, त्या काळीं हा केवढा फरक होता, हें सांगावयास नको.

या जातीच्या पिस्तुलांचीं दोन प्रमुख घराणीं आहेत. पहिलें अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टचें. त्याचें अमेरिकन पेटंट १८३६ सालचें. दुसरें लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सचें. १८५१ सालीं लंडन येथें भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनांत दोघांचीहि पिस्तुलें समोरासमोर आलीं. कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' नमुन्याचा आंखणा असा: नळी अष्टकोनी, साडेसात इंच लांब, घरें सहा, तोंड ०·३६ इंचाचें, चक्रीच्या माथ्यावर पोलादी पट्टी नाहीं, नळी पाचरीनें जोडलेली. घोडा प्रत्येक वेळीं अंगठ्यानें चढवावा लागतो. ॲडम्सच्या पिस्तुलांत नळी व चौकट एकाच पोलादी तुकड्यांतून घडविलेली; चक्रीच्या माथ्यावर भक्कम पट्टी; घरें पांच; आणि नुसता चाप ओढला कीं घोडा आपोआप चढून पडे. १८५६ सालीं बोमाँट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांत सुधारणा केली आणि घोडा अंगठ्यानेंहि चढवितां येऊं लागला. ॲडम्सचीं तोंडें 'चौपन्न बोअर' अशा मापानें सांगतात. याचा अर्थ इतकाच कीं, त्या तोंडांत बसणाऱ्या गोळ्या एक पौंड शिशांतून चौपन्न होतात. हिशेब केला तर गोळीचा व्यास सुमारें ०·४४ इंच येतो.

हीं पिस्तुलें हिंदुस्थानांत आलीं तीं मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला. अधिकारी आपलें पिस्तूल बहुधा स्वतःच्या पैशानें विकत घेत. १८५७ च्या उठावाच्या धामधुमींत कोल्ट व ॲडम्स हीं दोन्ही नांवें या देशांत गाजलीं. पुढें १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें येथील प्रजेला परवान्यावांचून शस्त्र बाळगणें अशक्य झालें. त्यामुळें सामान्य मराठी घरांत असें पिस्तूल क्वचितच टिकलें. तें निघतें तें संस्थानिकांच्या, सरदारांच्या किंवा सरकारी नोकरांच्या घराण्यांत. जें दुर्मिळ असतें त्याच्या नकला निघतात. म्हणून पारख आवश्यक.

प्रथम नेमाची खूण घेऊं. बंदुकीच्या मोहरीवर जो लहानसा उंचवटा असतो त्याला आपल्या भाषेंत माशी म्हणतात. मागची खांच व पुढची माशी एका रेषेंत आणून शिस्त धरावयाची. कांहीं शस्त्रांत मागची खांच वरखालीं करतां येते. टोपीच्या लष्करी पिस्तुलांत ती सोय नसते. खांच व माशी दोन्ही पक्क्या असतात. कारण उघड आहे. हें शस्त्र घोड्यावर बसून, चार-दहा पावलांवरच्या शत्रूवर चालवावयाचें. तेथें पेच फिरवीत बसण्यास अवसर नसतो, आणि कातडी म्यानांतून उपसतांना कोणताहि नाजूक भाग अडकून चालत नाहीं.

कोल्टची युक्ति तर पाहण्याजोगी आहे. त्याच्या पिस्तुलाला माथ्यावर पट्टीच नाहीं, मग मागची खांच ठेवावयाची कोठें? ती त्यानें घोड्याच्याच नाकावर कापली. घोडा पुरा चढविला म्हणजे ती खांच डोळ्यांसमोर येते. घोडा पडला कीं नाहींशी होते. 'नेव्ही' नमुन्यांत पुढची माशी म्हणजे पितळेचा एक बारीक दाणा. ॲडम्समध्यें खांच चौकटीच्या माथ्यावर असते. अमेरिकेच्या रेमिंग्टन पिस्तुलांत माथ्याच्या पट्टींत एक लांब पन्हळ कोरलेली असते, तीच खांच.

पक्क्या खुणेचा पारखीला उपयोग असा कीं, तिच्यांत झालेली ढवळाढवळ लपत नाहीं. कोल्टचीं पिस्तुलें जवळच्या अंतरावर नेमाच्या वर मारतात, हें प्रसिद्ध आहे. पुढच्या एखाद्या मालकानें हा दोष काढण्यासाठीं पितळेचा दाणा उपटून तेथें उंच पातें बसविलेलें असतें, किंवा घोड्यावरची खांच कानसेनें खोल केलेली असते. असें पिस्तूल खोटें नव्हे. पण तें मूळ स्वरूपांत राहिलेलें नाहीं. माशीच्या बुडाशीं डाग दिलेल्याची खूण आहे का, खांचेच्या आंतलें पोलाद बाहेरच्या पोलादापेक्षां उजळ आहे का, हें भिंगानें पाहावें. दोन सारख्या पिस्तुलांतून निवड करावयाची असेल, तर ज्याच्या माशीला कोणी हात लावलेला नाहीं तें पत्करावें.

आतां नळीवरचीं अक्षरें. तीं तीन प्रकारचीं असतात. पहिलीं कारखानदाराचीं. कोल्टच्या पिस्तुलांवर नळीच्या माथ्यावर पत्ता असतो. अमेरिकेंत झालेल्यांवर न्यूयॉर्कचा व लंडनच्या कारखान्यांत झालेल्यांवर लंडनचा. कोल्टचा लंडनचा कारखाना १८५३ पासून १८५६ पर्यंतच चालला. म्हणून लंडनचा पत्ता हा काळ ठरविण्याचा चांगला पुरावा होतो. मात्र पत्ता म्हणजे सर्वस्व नव्हे. ॲडम्सच्या धर्तीच्या पिस्तुलांवर माथ्याच्या पट्टीवर पुष्कळदां विकणाऱ्या दुकानाचें नांव कोरलेलें सांपडतें. विकणारा व घडविणारा एकच असेल असें गृहीत धरूं नये.

दुसरे ठसे परीक्षेचे. इंग्लंडांत नळी विकण्यापूर्वीं जादा दारू भरून तिची परीक्षा घेत व ती टिकली तर तिच्यावर ठसा मारीत. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७ सालीं सनद मिळाली. तिचे ठसे म्हणजे मुकुटाखालीं गुंफलेलीं जी व पी हीं रोमन अक्षरें, आणि मुकुटाखालीं व्ही. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. त्याच्या ठशांत एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड, त्यांवर मुकुट व बाजूला अक्षरें असतात. पिस्तुलाच्या बाबतींत असे ठसे नळीवरच नव्हे तर चक्रीच्या घरांवरहि असतात. नळीवर आहेत व चक्रीवर नाहींत, असें आढळलें तर चक्री मागाहून बदलली असावी, असा संशय घ्यावा.

तिसरे क्रमांक. कोल्टच्या कारखान्यांत एकच क्रमांक चौकट, नळी, चापाची कडी, मुठीची पट्टी अशा निरनिराळ्या भागांवर मारीत. ते सर्व जुळले तर पिस्तूल जन्मापासून एकसंध आहे असें म्हणतां येतें. न जुळले तर दोन-तीन मोडक्या पिस्तुलांचें मिळून हें एक झालें, असें समजावें.

याशिवाय 'नेव्ही' नमुन्याच्या चक्रीभोंवतीं समुद्रावरील एका लढाईचें चित्र दाबून उमटविलेलें असतें. तीं जहाजें टेक्सासच्या व मेक्सिकोच्या आरमारांचीं, आणि लढाईची तारीख १६ मे १८४३. हें चित्र फार उथळ असतें. हातांत व म्यानांत घासून तें पहिल्यानें नाहींसें होतें. ज्या चक्रीवर जहाजांचीं शिडें अजून ओळखूं येतात, ती चक्री भाग्याची.

अक्षरें आहेत एवढ्यानें मात्र भागत नाहीं. तीं खरीं आहेत का, हें पाहिलें पाहिजे. ठसा मारतांना धातु दबते व कडेला किंचित् वर येते. दीडशें वर्षांत ती कड झिजून गुळगुळीत होते आणि अक्षरांच्या तळाशीं काळपट थर बसतो. गंजाचे खड्डे अक्षरांतून आरपार गेलेले असतात, कारण अक्षरें आधीं व गंज नंतर. याच्या उलट, भोंवतालीं खड्डे पडलेले आणि अक्षरें मात्र धारदार असतील, तर गंज आधीं व अक्षरें नंतर, हें उघडच झालें. अक्षरांच्या कडा मेणबत्तीसारख्या ओघळलेल्या व तळ रवाळ असेल, तर तो भाग मूळ वस्तूवरून सांचा घेऊन ओतलेला आहे. अक्षरांच्या शुद्धलेखनाकडेहि लक्ष द्यावें. पेशावर व कोहाट यांच्या दरम्यान असलेल्या दर्रा आदमखेल येथील कारागीर इंग्रजी शस्त्रांच्या हुबेहुब नकला करण्यांत प्रवीण आहेत. पण अक्षर न समजतां चित्राप्रमाणें उतरवितांना एखादें उलटें पडतें किंवा गळतें. शाळेंत दुसऱ्याची वही उतरणारा मुलगा असाच सांपडतो.

नकलेपेक्षांहि मोठा शत्रु घरचाच आहे, आणि तो म्हणजे पॉलिश. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं पिस्तूल चकचकीत व्हावें म्हणून कोणी तें यंत्राच्या चाकावर धरतो. नळीच्या आठ धारा गोल होतात, पेचांच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोल होतात, आणि अक्षरें एका टोंकाला खोल व दुसऱ्या टोंकाला पुसट होतात. दीडशें वर्षांनीं जें केलें नाहीं तें पांच मिनिटांत होतें, आणि पुन्हां भरून येत नाहीं. म्हणून व्यापाऱ्यानें एक लखलखीत व एक तपकिरी पडलेलें पिस्तूल पुढें ठेवलें, आणि तपकिरी पिस्तुलावरचा मजकूर वाचतां आला, तर विचार न करतां तपकिरी उचलावें. निपलभोंवतालचें पोलाद थोडें खाल्लेलें दिसलें तर घाबरूं नये. टोपींतील क्षारांचा तो परिणाम असून शस्त्र खरोखर वापरलेलें होतें याची ती खूण आहे. नवी नकल तेथें बहुधा गुळगुळीत असते.

मुंबईंत मटण स्ट्रीटच्या चोरबाजारांत जुन्या वस्तूंचीं दुकानें आहेत. तेथें जाण्यापूर्वीं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतील किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील जुनीं शस्त्रें एकदां निवांतपणें पाहून यावीं. खरी झीज कशी दिसते हें शब्दांनीं सांगून कळत नाहीं. डोळ्यांना त्याची संवय लागावी लागते. भाईंदरहून चर्चगेटपर्यंतचा गाडीचा प्रवास त्यासाठीं जड नाहीं.

आतां पारखीपेक्षांहि महत्त्वाच्या दोन गोष्टी. पहिली जिवाची. ठासणीचें शस्त्र बाहेरून भरलेलें कीं रिकामें हें कळत नाहीं, आणि पूर्वीचे लोक तें भरूनच ठेवीत. जुनी काळी दारू म्हणजे सुमारें पाऊण भाग सोरा व बाकी कोळसा आणि गंधक. ती कोरडी राहिली तर शंभर वर्षांनींहि तिचा जोर कायम असतो. म्हणून पेटींतून निघालेलें पिस्तूल भरलेलेंच आहे असें समजून वागावें. घोडा चढवून पाहूं नये, चाप ओढूं नये, निपलवर कांहीं आपटूं नये, गंज सैल करण्यासाठीं तें विस्तवावर धरूं नये, आणि मुलांच्या हातांत तर मुळींच देऊं नये. तें रिकामें करण्याचें काम परवानाधारक शस्त्रकाराचें; घरच्या पेंचकसाचें नव्हे.

दुसरी गोष्ट कायद्याची. "इतकें जुनें आहे, याला परवाना कशाला?" असें व्यापारी सांगतो व आपणहि आपली समजूत करून घेतों. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत जुनाट शस्त्रांना सूट आहे खरी; पण ती, दुरुस्ती करूनहि जें अग्निशस्त्र म्हणून चालणार नाहीं, अशा शस्त्राला. चालूं शकणारें टोपीचें पिस्तूल त्या सवलतींत बसत नाहीं. २०२० सालीं केंद्र सरकारनें नियमांत बदल करून 'क्युरिओ' या वर्गांतील लहान शस्त्रें परवान्यावांचून जवळ ठेवण्याची मोकळीक दिली. परंतु तीं वापरण्यास, बरोबर बाळगण्यास व एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यास परवाना लागतोच. आपलें पिस्तूल या वर्गांत येतें कीं नाहीं, हें घरीं बसून ठरवूं नये. परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावें. मिरा-भाईंदरकरांसाठीं १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार असें स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. विचारणा तेथें करावी. परवाना असलेल्या वडिलांच्या निधनानंतर शस्त्र घरांत तसेंच पडूं देऊं नये. तें विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून मग वारसाच्या नांवाचा विचार करावा. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तु १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याखालीं येते. ती खाजगी माणसाला परदेशीं पाठवितां येत नाहीं. परदेशांतील भाच्याला भेट म्हणून ती सामानांत बांधून देणें हा गुन्हा ठरेल.

सारांश, निवडीचा क्रम असा ठेवावा. आधीं कायदा, मग रिकामेपणाची खात्री, मग ठसे, मग क्रमांक, मग माशी व खांच, आणि सर्वांत शेवटीं रूप. खरेदी झाल्यावर मऊ कापडानें धूळ पुसावी, हलक्या तेलाचा पुसट हात द्यावा, आणि कोरड्या जागीं, बंदोबस्तांत ठेवावें. कातडी म्यानांत ठेवूं नये. कातडें ओल धरतें आणि कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत पोलाद खातें. सोबत एका कागदावर तें कोणाकडून, केव्हां आलें, नळीवर काय लिहिलें आहे व क्रमांक कोणता, हें लिहून ठेवावें. पोलादावरचीं अक्षरें कारखान्याची हकीकत सांगतात. तें शस्त्र आपल्या घरीं कसें आलें हें मात्र तीं सांगूं शकत नाहींत. तेवढें लिहून ठेवणें हें आपलें काम आहे.